‘बाडी’ची बखर

आजी गेली, तिचे दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई आणि मावशी तिची ट्रंक उघडून बसल्या. इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या, एक शालजोडी, देवाच्या पुस्तकात जपून ठेवलेल्या दोन-तीन पावत्या असं एकेक बाहेर येत होतं. तळाशी जुन्या पंचात गुंडाळलेलं एक पांढरं मांजरपाटाचं वस्त्र निघालं. बिनबाह्यांचं, अंगासरशी बसणारं, पुढून हुकांचं. “हे काय गं?” मी विचारलं. “आईची बाडी ती,” असं दबक्या आवाजात म्हणत आईने ती चटकन पदराआड घेतली. खोलीत आम्ही तिघी बायकाच. तरीही आवाज दबका.

शेजारच्या कानडी अक्का तेवढ्यात भाकरी-पिठलं घेऊन आल्या. त्यांनीही ती बघितली आणि ‘बाडी’ असाच शब्द उच्चारला. आमच्या चोळीला त्या ‘कुबसा’ म्हणायच्या. त्यांच्याकडे पहिलटकरणीचा जो समारंभ होतो, त्याचं नावच ‘कुबसा’. हा शब्द संस्कृत ‘कूर्पासका’च्या कुळातला. आमची चोळी वेगळी, त्यांचा कुबसा वेगळा, पण चोळीच्या आतल्या वस्त्राला मात्र दोन्ही घरांत एकच नाव, आणि ते नाव इंग्रजी!

मी शाळेत इंग्रजी शिकवणारी. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते शिक्षकी हसू. मूळ शब्द ‘बॉडिस’, आपल्या बायकांनी त्याचं केलं ‘बाडी’. शेवटचा ‘स’ गाळला आणि कपड्याचं चक्क शरीर करून टाकलं. हे हसू मी बरीच वर्षं बाळगून होते. पुढे एकदा या शब्दाचा माग काढायला बसले तेव्हा कळलं की चूक आजीची नव्हतीच. वाचकहो, त्या मागाची ही हकीकत.

*

सोळाव्या शतकापर्यंत युरोपातल्या बायकांचा झगा पुष्कळदा खांद्यापासून पायापर्यंत सलग शिवलेला असे. मग वरचा भाग आणि घेर वेगवेगळे बेतण्याची रीत रुळली. घेराला निराळं नाव होतं. वरचा भाग अंगाला लागून बसणारा, म्हणून त्याला इंग्रजीत सरळ ‘बॉडी’ म्हणू लागले. हा भाग दोन अर्धुकांचा असे. ती दोन्ही नाडीने आवळून एकत्र आणायची. दोन म्हणून ‘बॉडीज’, आणि कात्रीला वा विजारीला इंग्रजीत जशी ‘जोडी’ म्हणतात तशी ही ‘पेअर ऑफ बॉडीज’, म्हणजे शब्दशः शरीरांची जोडी. अस्तरात कडक पट्ट्या घालून छाती-पाठ ताठ ठेवणारं जे वस्त्र पुढे निघालं, त्यालाही हेच नाव मिळालं.

या ‘बॉडीज’चाच उच्चार आणि लेखन बदलत बदलत ‘बॉडिस’ झालं. ‘डाय’ या फाशाच्या अनेकवचनाचं ‘डाइस’ झालं, ‘पेनी’चं ‘पेन्स’ झालं, त्याच वाटेने हेही गेलं. अनेकवचन असल्याचं लोक विसरले आणि ‘बॉडिस’ हा एकवचनी शब्द होऊन बसला. म्हणजे अपभ्रंश खुद्द इंग्रजांचा! आपल्या बायकांनी त्यातला ‘स’ गाळला आणि नकळत शब्द पुन्हा मुळावर नेऊन ठेवला.

शरीराचं नाव कपड्याला देणारे इंग्रज एकटे नव्हेत. फ्रेंचांनी या वस्त्राला ‘कोर’ म्हटलं, म्हणजे शरीर. डच लोक म्हणत ‘रैखलैफ’, म्हणजे नाडीने आवळलेलं शरीर. स्पॅनिशांचा ‘कुएर्पो’ तोच, आणि पोर्तुगीजांचं ‘कोर्पिन्यो’ म्हणजे लहानसं शरीर. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपणही अंगावरून अंगी, अंगडं, अंगरखा केलेच की. आणि कानडीत सदऱ्याला ‘अंगी’च म्हणतात, हे या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

*

काही नावं मात्र शरीरावरून न येता आतल्या काड्यांवरून आली. स्पॅनिशमध्ये ‘व्हेर्दुगो’ म्हणजे झाडाची हिरवी, लवचिक फांदी. अशा फांद्यांची कडी झग्याच्या घेरावर बाहेरून शिवली की घेर घंटेसारखा उभा राही. त्याचं नाव ‘व्हेर्दुगादो’. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅस्टीलच्या दरबारात ही तऱ्हा आली. राजा चौथा हेन्री याची राणी जुआना ही पोर्तुगालची राजकन्या. तिने गर्भारपण लपवण्यासाठी हा घेर काढला अशी कुजबूज तिच्या विरोधकांनी पसरवली आणि ती इतिहासात टिकून राहिली. एर्नान्दो दे तालाव्हेरा या धर्मगुरूने १४७७ साली स्त्रियांच्या अशा पोषाखावर टीका करणारा प्रबंधच लिहिला. बाईने घेर मोठा केला तरी बोभाटा आणि अंग आवळलं तरी उपदेश, हा प्रकार पुढची चार शतकं चालू राहणार होता.

१५०१ साली अ‍ॅरगॉनची कॅथरीन लग्नासाठी इंग्लंडला गेली, तेव्हा तिच्याबरोबरच्या स्पॅनिश स्त्रियांचे हे कड्यांचे झगे तिथल्या लोकांनी डोळे विस्फारून पाहिले. इंग्रजी जिभेवर ‘व्हेर्दुगादो’चं पुढे ‘फार्दिंगेल’ झालं. फ्रेंचांनी त्याला ‘व्हेर्तुगादँ’ केलं, आणि त्यात ‘व्हेर्त्यू’ म्हणजे सद्गुण हा शब्द ऐकू येतो म्हणून विनोदवीरांना आयतं खाद्य मिळालं. पोर्तुगीजांचा ‘एस्पार्तिल्यो’ हा शब्दही असाच ‘एस्पार्तो’ नावाच्या चिवट गवतावरून आलेला आहे.

गवत आणि वेत हे स्वस्तातले उपाय. उंची माल म्हणजे ‘व्हेलबोन’. नावात हाड असलं तरी ते हाड नव्हे. काही जातींच्या देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून फणीच्या दात्यांसारख्या लांबच लांब पात्या लोंबतात आणि त्यांनी मासा समुद्राचं पाणी गाळून अन्न घेतो. या पात्या आपल्या नखांच्या, केसांच्याच द्रव्याच्या असतात. त्या हलक्या, चिवट, उभ्या चिरता येणाऱ्या आणि ऊब लागली की अंगाच्या वळणाप्रमाणे किंचित वळणाऱ्या. आधी बास्क कोळी ही शिकार करत. १६१० नंतर इंग्रज आणि डच जहाजं उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांपर्यंत जाऊ लागली. ती जात मुख्यतः दिव्याच्या आणि साबणाच्या तेलासाठी, पण बरोबर या पात्याही येत. एका बाईच्या पाठीचा ताठपणा हजारो मैलांवरच्या बर्फातल्या शिकारीवर उभा होता, हे लक्षात घ्यायला हवं. फ्रेंचमध्ये ‘बालेन’ म्हणजे देवमासा, आणि अस्तरातली पट्टीही ‘बालेन’च.

छातीच्या मधोमध एक रुंद पट्टी उभी सरकवत, तिचं नाव ‘बस्क’. ती लाकडाची, शिंगाची, हस्तिदंताची असे आणि हवी तेव्हा काढता येई. तिच्यावर बदाम, पाखरं, नावाची आद्याक्षरं कोरून प्रियकर ती भेट देत. अशा कितीतरी पट्ट्या आज संग्रहालयांत आहेत. कापड जीर्ण होऊन गेलं, पण ही लाकडी खूण उरली.

*

कापड कुजतं, म्हणून या वस्त्रांचा सर्वांत जुना पुरावा बहुतेक थडग्यांतून मिळाला. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा १५६२ साली वारली. तिच्या दफनात झग्याच्या आत मखमलीची अंगी सापडली. ती पुढून हुकांची होती आणि तिच्यात एकही कडक पट्टी नव्हती. १५९८ साली वारलेल्या जर्मनीतल्या नॉयबुर्गच्या दोरोथेआ साबिना या राजघराण्यातल्या तरुणीच्या अंगावर मात्र पट्ट्या घातलेली रेशमी ‘बॉडीज’ होती. ती आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे. आणि १६०३ साली एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेसाठी जो पुतळा केला, त्यालाही आतून तशीच अंगी चढवली होती. ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीने जपली. म्हणजे राणीचा पुतळासुद्धा या वस्त्राशिवाय लोकांपुढे न्यायचा नाही, इतकं ते साठ वर्षांच्या आत अंगवळणी पडलं होतं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मांटुआ’ नावाचा सैल झगा आला. झगा सैल, तेव्हा आतलं ताठ वस्त्र त्याच्यापासून वेगळं झालं आणि त्याला वेगळं नाव लागलं. हे इंग्रजी नाव ‘स्टेज’, म्हणजे आधार, टेकू. पडत्या भिंतीला देतात तसा. शरीर हे नाव मागे पडलं आणि टेकू हे नाव आलं. शब्द बदलला की दृष्टीही थोडी बदलतेच. बाईचं अंग आपल्या बळावर उभं राहत नाही, त्याला टेकू हवा, असा अर्थ त्या नावात शिरला. लहान मुलांना, अगदी मुलग्यांनाही, पाठ सरळ राहावी म्हणून तान्हेपण सरताच असे टेकू घालत.

हे वस्त्र शिवणं सोपं नव्हतं. कापडाच्या थरांत शेजारी शेजारी टीपांच्या अरुंद नळ्या करायच्या, त्यांत पात्या सरकवायच्या, नाडीची भोकं हाताने काज्यासारखी भरायची. कापडातून सुई ओढायला बोटांत जोर लागे. १६७५ साली फ्रान्सच्या राजाने पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना स्वतःचा संघ काढायची मुभा दिली, तेव्हाही हे ताठ वस्त्र करण्याचा हक्क पुरुष शिंप्यांनी आपल्याकडेच ठेवला. बाईच्या अंगाचं माप घेणारा, तिचा आकार ठरवणारा पुरुषच राहिला.

या कारागिरांपैकी एकाची आपल्याला ओळख आहे, फक्त या रूपात नाही. थेटफर्ड गावचा एक मुलगा तेरा वर्षांचा होताच वडिलांच्या हाताखाली ‘स्टेज’ शिवायला बसला. १७५९ साली त्याने सँडविच गावी स्वतःचं दुकान घातलं. ते चाललं नाही. पुढे तो अमेरिकेला गेला आणि लेखक झाला. त्याचं नाव टॉमस पेन. ‘राइट्स ऑफ मॅन’ हे त्याचं पुस्तक १७९१-९२ मध्ये निघालं, आणि १८४७ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ते वाचलं. माणसाच्या हक्कांचा जो विचार सत्यशोधकांच्या मार्गाने आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचला, त्याच्या एका उगमाशी बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान होतं! पेनच्या विरोधकांनी त्याला हा धंदा विसरू दिला नाही. १७९३ साली गिलरे या व्यंगचित्रकाराने चित्र काढलं. ब्रिटानिया देवी झाडाला मिठी मारून उभी आहे आणि पेन तिला मागून पाय लावून नाड्या आवळतो आहे. जे हात बायकांचे कपडे शिवतात ते हक्कांची भाषा काय बोलणार, असा तो टोमणा. अशी चेष्टा कोणत्या माणसांच्या वाट्याला येते हे फुल्यांना वेगळं सांगावं लागलं नसतं.

*

आता एक गैरसमज. हे वस्त्र केवळ राण्या-सरदारणींचं, अशी आपली समजूत असते. पण अठराव्या शतकातल्या इंग्लंडात मोलकरणी, शेतमजूर बायकाही ‘स्टेज’ घालत. गरिबांचे जाड चामड्याचे असत आणि अनाथालयं, धर्मादाय संस्था मुलींना ते पुरवत. लंडनच्या फौजदारी खटल्यांच्या दप्तरात चोरीला गेलेल्या वस्तूंत ‘स्टेज’ वारंवार येतात, कारण ते विकून चार पैसे मिळत. घागर उचलणाऱ्या, वाकून धुणं धुणाऱ्या बाईला पाठीला आधार मिळे, हेही खरं. सारा बेंडॉल या ऑस्ट्रेलियन अभ्यासिकेने सोळाव्या-सतराव्या शतकातल्या अशा वस्त्रांच्या प्रतिकृती जुन्या पद्धतीने स्वतः शिवून पाहिल्या. २०२१ साली निघालेल्या तिच्या पुस्तकाने या वस्त्राकडे छळाचं साधन म्हणूनच बघण्याच्या सवयीला चांगला धक्का दिला.

आधाराबरोबर पहारा मात्र होताच. जिने ‘स्टेज’ घातले नाहीत ती ‘लूज’, आणि घट्ट नाड्यांवरून ‘स्ट्रेट-लेस्ड’ म्हणजे सोवळ्या वृत्तीचा माणूस. ‘वागायला सैल’ हा मराठी वाक्प्रचार वापरताना आपणही कापडाच्या मापाने शील मोजत असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या पहाऱ्याला हवामानाने कशी फट पाडली, ते आपल्या शेजारच्या गोव्यात दिसतं. लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की तिथल्या पोर्तुगीज आणि मिश्र घराण्यांतल्या बायका घराबाहेर पडत त्या मेण्यातून, झाकूनपाकून. पण घरात त्या ‘बाजू’ नावाची, बेंबीपर्यंत येणारी अंगी घालत. ती इतकी तलम की आरपार दिसावं. खाली नुसतं रंगीत वस्त्र गुंडाळलेलं. ‘बाजू’ हा शब्द मलाय. लिस्बनच्या रीतीला गोव्याच्या उकाड्यात पूर्वेकडचं कापड आणि पूर्वेकडचं नाव घ्यावं लागलं. उलट दिशेची सक्तीही त्याच भूमीवर झाली. १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानाने बाटलेल्या लोकांना ज्या हिंदू चालीरीती बंद केल्या, त्यांत पुरुषांचं पुडवें होतं आणि बायकांची चोळीही होती. कोणी काय घालावं हा हुकूम काढणारे बदलतात. ज्यांच्या अंगावर तो निघतो त्या बायका त्याच.

*

‘स्टेज’नंतर आला ‘कॉर्सेट’. हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘छोटं शरीर’. अठराव्या शतकात तो मऊ, कमी पट्ट्यांच्या, घरी घालायच्या वस्त्राचं नाव होता. त्याच सुमारास इंग्रज बायका घरात ‘जंप्स’ नावाची सैल, बिनपट्ट्यांची अंगी घालत. कोशकारांचा कल हा शब्द फ्रेंच ‘ज्यूप’वरून आला असं मानण्याकडे आहे, आणि ‘ज्यूप’ अरबी ‘जुब्बा’चा वंशज. आपला झब्बा आणि बेळगावकडचा जुब्बा त्याचेच भाऊबंद.

डॉक्टर आणि विचारवंतांनी ताठ वस्त्रावर हल्ला चढवला तोही याच काळात. लॉकने १६९३ साली मुलांना आवळण्याविरुद्ध लिहिलं, रूसोने १७६२ साली. १७८८ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमेरिंग याने नाडीच्या वस्त्राने बरगड्यांवर होणारे परिणाम मांडले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. वाढत्या अंगाला आवळणं वाईटच. पण त्याबरोबर कहाण्याही रुजल्या. कॅथरीन द मेदिचीने तेरा इंचांच्या कमरेचा हुकूम काढला ही अशीच एक दंतकथा. संग्रहालयांतल्या लोखंडी अंग्या फॅशन म्हणून दाखवल्या गेल्या. पण वाकड्या पाठीच्या रुग्णांसाठी लोखंडी अंगी वापरावी हे सोळाव्या शतकात आम्ब्रुआज पारे या शल्यवैद्याने लिहून ठेवलं आहे.

ज्या आवळलेल्या कमरेचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं ती एकोणिसाव्या शतकातली. नाडीच्या भोकांना धातूच्या कड्या १८२८ च्या सुमारास आल्या. त्याआधी भोकं दोऱ्याने भरलेली, जोराने ओढलं तर कापड फाटणार. कड्या आल्या, पोलाद आलं, आणि मग हवं तेवढं ओढता येऊ लागलं. तोवर नाव ‘कॉर्सेट’ झालेलं. ते नाव मग आपण मागच्या तीनशे वर्षांवरही लावून टाकलं आणि सगळ्या बायका एकाच पोलादी चिमट्यात घातल्या. चुकीच्या नावाने चुकीचा इतिहास तयार होतो तो असा.

*

आजीची बाडी त्या दिवशी आईने जुन्या कपड्यांबरोबर देऊन टाकली. तिच्यात देवमाशाची पाती नव्हती की नाडी नव्हती. मांजरपाट, चार हुक आणि हाताची टीप, एवढीच ती. त्या टीपा कोणी घातल्या, आजीने स्वतः की गल्लीतल्या शिंप्याने, तिने ती पहिल्यांदा कधी घातली, सासूने काही म्हटलं का, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं तर आजीने सांगितलं असतं असंही नाही. एलिओनोराच्या अंगीची माहिती आपल्याला थडगं उघडलं म्हणून मिळते. आपल्याकडे तीही सोय नाही. बायकांच्या अंगाला सर्वांत जवळचं जे कापड, त्याचा आपल्याकडचा पुरावा म्हणजे दबक्या आवाजात उच्चारलेले शब्द. बाडी, काचोळी, कुबसा. ते उच्चारणारी पिढी चालली आहे.

या दिवाळीत माहेरी गेलात तर फराळाच्या ताटांनंतर, पुरुषमाणसं पुढच्या खोलीत गेल्यावर, घरातल्या थोरल्या बाईला विचारून पाहा की तुम्ही काय घालत होता, त्याला काय म्हणत होता, आणि कोण शिवून देत होतं. आधी त्या “काहीतरीच काय” म्हणतील आणि मग सांगतील. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. मराठीत सांगितलं तर मराठीत, कानडीत सांगितलं तर कानडीत.